तीस सेकंदांची शांतता

"टोकन नंबर त्रेसष्ट... खिडकी नंबर दोन," मी माइकमध्ये म्हटलं, आणि माझ्या टेबलाखालून कोणीतरी अगदी नम्रपणे उत्तर दिलं, "आलो."

मी खुर्चीसकट मागे सरकले. वाकून पाहिलं तर खाली एक माणूस उताणा पडलेला – हातात स्क्रू ड्रायव्हर, गळ्यात हेडफोन आणि चोरी पकडली गेल्यासारखं हसू.

"माफ करा," तो म्हणाला. "त्रेसष्टला तुम्ही तीनदा बोलावलंत. ते काही येईनात. मला तुमची दया आली."

"आणि तुम्ही कितवे?"

"मी पेशंट नाही. पेशंट तुमचा स्पीकर आहे. खरखरतो म्हणून तुमच्या साहेबांनी बोलावलंय. तुम्ही चहाला गेलात तेव्हा आत शिरलो." तो जरा थांबला. "हा आवाज... खरंच तुमचा आहे? मला वाटलं, रेकॉर्ड लावलीय."

आमचं डोळ्यांचं हॉस्पिटल. इथे मी सहा वर्षं नंबर पुकारते. लोकांना माझा आवाज पाठ आहे, चेहरा कोणाच्याच लक्षात राहत नाही, कारण निम्म्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं असतं. आवाजाची तारीफ मला नवी नव्हती. टेबलाखालून मात्र पहिल्यांदाच होत होती.

"घरच्या कॉम्प्युटरचं साउंड कार्ड बघता का?" मी विचारून टाकलं. लाजत बसणाऱ्यांतली मी नाही.

"काय होतंय त्याला?"

"गुणगुणतं."

"म्हणजे कसं?"

मी आजूबाजूला पाहिलं, खाली वाकले आणि हळूच करून दाखवलं, "म्म्म्म्म्..."

त्याने डोळे मिटून ऐकलं. "पुन्हा एकदा."

"कळलं नाही?"

"पहिल्यांदाच कळलं," तो म्हणाला. "छान होतं, म्हणून."

माइक बंद करायचा राहिलाय हे मला चौसष्ट नंबरच्या आजोबांनी सांगितलं. "बाळ," ते खिडकीशी येऊन म्हणाले, "आमचा नंबर लागणार आहे, की आज नुसतं गाणंच?" अख्खा हॉल हसला. टेबलाखालचा माणूसही हसला. मी कान लाल करून चौसष्ट नंबर पुकारला.

गोष्ट तशी गंभीर होती. पुस्तकं वाचून त्यांच्या ध्वनिफिती काढणाऱ्या एका कंपनीला नवे वाचक हवे होते. मी घरी बसून एका कादंबरीची पहिली तीन प्रकरणं वाचली, पाठवली, आणि उत्तर आलं – आवाज पसंत, शांतता नापसंत. त्यांचा नियमच आहे की प्रकरणांबरोबर तीस सेकंदांची नुसती शांतता रेकॉर्ड करून पाठवायची. कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. खोली गप्प असताना कशी ऐकू येते ते त्यांना तपासायचं असतं, आणि वाक्यांमधल्या मोकळ्या जागा भरायलाही ती उपयोगी पडते. माझ्या तीस सेकंदांत भुंगा शिरला होता. शनिवारी दुपारी बारापर्यंत तीनही प्रकरणं आणि शांतता पुन्हा पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला देऊ, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. आज मंगळवार होता. सहा वर्षं मी आकडे वाचत आले होते आणि मला वाक्यं वाचायची होती. एवढंच होतं, पण तेवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

तो त्याच संध्याकाळी आला. दार बाबांनी उघडलं. बाबा बत्तीस वर्षं वायरमन होते. निवृत्त झाले तरी कुठल्याही घरी गेले की आधी मीटर बघतात, मग माणसांची चौकशी करतात.

"कॉम्प्युटरचे इंजिनिअर आले," बाबांनी आत वर्दी दिली. 'इंजिनिअर' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की ऐकणाऱ्याला आपली पदवी परत करावीशी वाटावी.

"इंजिनिअर नाही हो, काका. दुरुस्ती करतो."

"मग ठीक आहे. बसा."

तो कामाला बसला आणि मी त्याच्याकडे बघत बसले. आधी त्याने सेटिंगमध्ये जाऊन न लागणारे सगळे आवाजाचे मार्ग बंद केले. "उघडी राहिलेली प्रत्येक वाट कचरा आत आणते," तो म्हणाला. मग माइकची वाढवलेली ताकद निम्म्यावर आणली. मग कॅबिनेटचं झाकण काढलं. साउंड कार्ड ग्राफिक्स कार्डाला अगदी खेटून बसलं होतं. माउस हलवला की बारीक चिरचिर व्हायची ती त्यामुळे. त्याने ते काढलं, सर्वांत लांबच्या खाचेत बसवलं, आणि चिरचिर गेली.

"शेजारी बदलला की अर्धी भांडणं मिटतात," तो म्हणाला.

"आणि उरलेली अर्धी?"

"ती ऐकावी लागतात." त्याने कानाला हेडफोन लावला आणि डावा तळहात कॅबिनेटच्या पत्र्यावर टेकवला. त्याची ही पद्धतच होती. आतला पंखा कसा फिरतोय ते त्याला हाताला कळायचं. "कुठाय भुंगा?"

मी दुसरा हेडफोन लावला. भुंगा नव्हता. कानात इतकी स्वच्छ शांतता होती की मला त्याच्या श्वासाचा अंदाज येत होता... आणि त्यालाही माझ्या येत असावा, कारण दोघांनीही एकदमच हेडफोन काढले.

तो गेला. अर्ध्या तासाने मी खुर्चीत बसून माइक चालू केला आणि भुंगा हजर.

"तुमचा पेशंट पुन्हा कण्हतोय," मी फोनवर म्हटलं.

"माझ्यासमोर तर बरा होता."

"मलाही तेच कळत नाही."

"मग उद्या येतो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात वाईट वाटल्याचा लवलेश नव्हता.

बुधवारी त्याने बाहेरून जोडायचं दुसरं साउंड कार्ड आणलं. केबल बदलल्या. माइक बदलून पाहिला. प्रत्येक वेळी हेडफोन लावून, हात पत्र्यावर ठेवून, डोळे मिटून ऐकलं. प्रत्येक वेळी सगळं ठणठणीत. मधूनच तो हात उचलून तळव्याकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, आणि पुन्हा हात ठेवायचा.

"काय बघताय?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही हे दोनदा बघितलंत."

"तुम्ही मोजताय?"

"सहा वर्षं मोजण्याचंच काम करतेय."

बाबा दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते. "इंजिनिअर आले की मशीन बरं, गेले की आजारी," ते म्हणाले. "असल्या दुखण्यांना पूर्वी वेगळं नाव होतं." आणि निघून गेले. तो कानापर्यंत लाल झाला. आदल्या दिवशी मी झाले होते, फिटंफाट झाली.

तो गेल्यावर भुंगा आलाच. पण आता मला काळजीने घेरलं. बुधवार संपला होता, आणि माझ्याकडे एकही स्वच्छ वाक्य नव्हतं. तो आला की मला फार बरं वाटत होतं हे खरं, पण तो येऊन माझं काम होत नव्हतं हेही खरं होतं.

गुरुवारी मी चप्पल काढून, वैतागून टेबलाशी बसले, पाय लांब केला, आणि माझा तळपाय खाली ठेवलेल्या कॅबिनेटच्या कडेला लागला. भुंगा थांबला. पाय काढला, सुरू झाला. टेकवला, थांबला. पावलात बारीक मुंग्या येत होत्या, पण शोध लागल्याच्या आनंदात मुंग्यांना कोण विचारतो. मी पाय तसाच ठेवून तीनही प्रकरणं एका बैठकीत वाचून काढली. शेवटी तीस सेकंदांची शांतताही घेतली.

खरं तर मी ते सगळं तेव्हाच पाठवू शकले असते. पण आधी मला एका माणसाचा चेहरा बघायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी मी त्याला बोलावून घेतलं.

"बसा," मी म्हटलं. "तुम्हाला दोन दिवसांत जमलं नाही ते मी दोन मिनिटांत केलं." आणि जादूगाराच्या थाटात पाय टेकवला, काढला, टेकवला.

मला वाटलं होतं तो हसेल. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"पाय काढा."

"अहो, पण ऐका तरी, कसा थांबतो–"

"पाय काढ आधी." तो खाली बसला आणि माझं पाऊल त्याने धरून बाजूला केलं. "वेडी आहेस का तू? अनवाणी? किती वेळ बसली होतीस अशी?"

"...काल, दीड तास. नुसत्या मुंग्या आल्या."

त्याने खिशातून टेस्टर काढून कॅबिनेटच्या उघड्या कडेला लावला. टेस्टरमधला दिवा लागला. अगदी मंद, पण लागला. मी दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"इथे अर्थिंग नाही," तो म्हणाला. "मशीनमधली गळकी वीज जमिनीत जायला तार हवी. ती नाही, म्हणून ती आवाजात शिरते. काल तू पाय लावलास आणि ती तुझ्यातून गेली. आज थोडी आहे म्हणून मुंग्या. उद्या आत काही बिघडलं असतं तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

इतका वेळ मजेत बोलणारा माणूस माझ्यासाठी असा घाबरलेला बघून मला फार भरून आलं. तो मला आवडतो हे मला मंगळवारीच कळलं होतं. किती, ते आता कळलं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी प्लग तपासायला हवा होता. शिकाऊ पोरगाही तेच करतो. वायरमनचं घर आहे म्हणून तपासला नाही. आणि दोन दिवस माझ्या हाताला मुंग्या येत होत्या. हात लावला की गुणगुण थांबतेय हेसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही."

"मुंग्या येत होत्या, तरी कळलं नाही?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला वाटलं... त्या दुसऱ्या कारणाने येतायत."

"कुठल्या कारणाने?" हे मी विचारलं नव्हतं. दारात बाबा उभे होते.

बाबा पुढे आले, त्याच्या हातातला टेस्टर घेतला आणि स्वतः कॅबिनेटला लावला. दिव्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता ते भडकणार. माझ्या घरच्या वायरिंगला नाव ठेवतोस, असं म्हणून त्याला बाहेर काढणार, आणि उद्या बारा वाजता माझी जागा दुसऱ्या कोणाला जाणार.

बाबा खुर्चीवर बसले. "तीन तारेची वायर संपली होती," ते म्हणाले. "हा बोर्ड बसवला तेव्हा. चार वर्षं झाली. दोन तारेची ओढली, म्हटलं उद्या बदलू. लोकांच्या घरी असं कधी केलं नाही. घरचं होतं म्हणून राहिलं." मग माझ्या पावलाकडे बघून म्हणाले, "तू दीड तास बसलीस?"

"बाबा, काही झालं नाही मला."

"झालं नाही ते नशीब." ते उठले. "इंजिनिअर, सकाळी साडेसातला या. वायर मी आणून ठेवतो."

तो जायच्या आधी आम्ही माझी गुरुवारची प्रकरणं ऐकली. एका पानाआड माझा पाय सरकल्याची खडखड होती, आणि तीस सेकंदांत तर तीनदा. पाठवण्यासारखं काही नव्हतं. सगळं पुन्हा, उद्या सकाळी, बाराच्या आत.

"होईल," तो म्हणाला.

"होणारच," मी म्हटलं. आवाजात धमक होती, आणि ती खोटी नव्हती.

शनिवारी सकाळी बाबा आणि तो दोघे भिंतीशी भिडले. बाबा हुकूम सोडत होते, तो वायर ओढत होता, मधूनच एखादा हुकूम मोडत होता, आणि बाबांना ते आवडत होतं असं मला दिसत होतं. साडेनऊला बाबांनी टेस्टर लावला. दिवा लागला नाही. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आता वाच."

मी वाचलं. असं मी कधीच वाचलं नव्हतं. मुंग्या नाहीत, भुंगा नाही, फक्त वाक्यं. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर हेडफोन लावून बसला होता, आणि मी एखादा शब्द अडखळले की बोट वर करायचा. तिसरं प्रकरण संपलं तेव्हा अकरा वाजून चौतीस मिनिटं झाली होती. उरली फक्त शांतता.

बाबांनी फ्रिजचा प्लग काढला, शेजारच्या काकूंना रेडिओ बंद करायला लावला, आणि ते जिन्यात पहाऱ्याला जाऊन बसले. मी खिडकी लावली. माझं बोट बटणावर होतं तेवढ्यात तो म्हणाला, "एक विचारायचं होतं."

"तीस सेकंद थांबा," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

एक... दोन... तीन. खोलीत काहीही वाजत नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. बोलायचं नाही, हलायचं नाही, मग बघण्याशिवाय माणूस करणार काय? नऊ... दहा. त्याच्या केसांत भिंतीचा चुना पडला होता. सतरा... अठरा. शुक्रवारी तो माझं पाऊल धरून खाली बसला होता ते मला आठवलं, आणि माझ्याच्याने राहवेना.

"हो," मी म्हटलं.

तेविसाव्या सेकंदाला शांतता मोडली होती. मी बटण बंद केलं.

"हो काय?" त्याने गोंधळून विचारलं. "मी अजून विचारलंच नाही."

"विचारेपर्यंत बारा वाजले असते."

"मला विचारायचं होतं की... पंखा बंद केलाय ना?"

आता दुसरी एखादी असती तर जमिनीत गडप झाली असती. मी वर पाहिलं. "पंखा बंद आहे," मी म्हटलं. "दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे. तो आता विचारा, की वेळ मोजत बसायचंय?"

तो स्टुलावरून उठला. "तू मला फार आवडतेस," तो म्हणाला. "त्रेसष्ट नंबरपासून. स्पीकर दहा मिनिटांत दुरुस्त झाला होता. मी तासभर नुसता पडून ऐकत होतो. तुझ्याबरोबर राहायचंय मला... तुला चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसायलाही थांबले नाही. "आता गप्प बस. अकरा एक्केचाळीस झालेत."

मी पुन्हा बटण दाबलं. त्याने टेबलावर हात पुढे केला, तळवा वर करून, अजिबात आवाज न होऊ देता. मी माझा हात त्यात ठेवला. एक... दोन... तीन. पडद्यावर आवाजाची रेघ सरळ धावत होती. तिला कसलाही धक्का लागला नाही, आम्हा दोघांना काय होत होतं ते तिच्यात उमटलं नाही. तीस झाले. कंपनीला तेवढे पुरे होते. मी बटण बंद केलं नाही. चाळीस... पन्नास... साठ.

"झालं का?" जिन्यातून बाबांनी विचारलं.

अकरा बावन्नला सगळं पाठवून झालं. एक वाजता उत्तर आलं, आणि ते मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं – आवाजाबरोबर या वेळी शांतताही पसंत आहे, सोमवारी सह्या करायला यावे. बाबांनी पत्र दोनदा वाचायला लावलं. मग त्याला म्हणाले, "इंजिनिअर, जेवूनच जा," आणि या वेळी तो शब्द त्यांनी सरळ उच्चारला.

याला वर्ष होत आलं. हॉस्पिटलमध्ये आता दुसरी मुलगी नंबर पुकारते, आणि माझी अकरावी कादंबरी चालू आहे. परवा तो माझ्या कॉम्प्युटरची साफसफाई करत होता. नको त्या फाइली शोधून उडवत होता.

"ही काय आहे?" तो म्हणाला. त्याने हेडफोन लावला, थोडा वेळ ऐकलं. "मिनिटभराची फाइल, आणि आत काहीच नाही. रिकामी आहे. काढून टाकू?"

मी त्याच्या हातातून माउस काढून घेतला.

"नाव बघ, तारीख बघ," मी म्हटलं, "आणि मग हात लावायची हिंमत कर."

त्याने तारीख पाहिली. मग हेडफोनचा एक भाग माझ्या कानाला लावला, एक स्वतःच्या, आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून चालू केली.